भुलीआधीचे कुळीथ

आमच्या पांढऱ्या बैलाचं उजवं शिंग आतून सडलं, तेव्हा भाताची मळणी नुकतीच आटोपली होती. नाकातून रक्ताळ पाणी गळायचं, आणि मानेवर जू टेकवलं की तो मटकन खाली बसायचा. डोंगरातली आमची शेती एका जोडीवर चालायची. दुसरा बैल आणायची ऐपत नव्हती. शेजारचा म्हातारा म्हणाला, "रानात सोडून दे की गं. वाघ बगून घील त्याचं."

"वाघासाटी वाडवला न्हाई मी त्याला," मी तिथल्या तिथे सुनावलं. माझी जीभ तेव्हाही तिखटच होती. नवऱ्याला मी दुसऱ्याच दिवशी सुप्याला पिटाळलं. तिथे बाजाराच्या दिवशी हल्याळकडून जनावरांचे डॉक्टर येत.

डॉक्टरांनी घरी येऊन शिंग बघितलं आणि ते बुडापासून कापावं लागेल म्हणाले. आमच्याकडे बैल बडवताना, म्हणजे खच्ची करताना, चार पाय बांधून पाडत, आणि ते ओरडणं मी ऐकलेलं होतं. डॉक्टरांनी समजावलं की औषधं दोन असतात. एक पेजेतून पाजायचं, त्यानं झोप येते. पण झोपलेल्यालाही दुखतं, म्हणून दुसरं शिंगाच्या बुडाशी टोचायचं, त्यानं तेवढीच जागा बधिर होते. "फक्त आदल्या दुपारपासून काडीसुद्धा घालू नका," ते म्हणाले. "झोपेत त्याला ढेकर देता येत नाही."

मी मान डोलावली. पण ठरलेल्या दिवशी पहाटे गोठ्यात गेले, तर बैल रिकामी गव्हाण चाटत होता. आमच्या घरात बळीच्या बकऱ्यालासुद्धा पोटभर घातल्याशिवाय दारातून नेत नाहीत. आणि याच्यावर करवत चालणार, वर उपासही? माझ्या मनाला ते पटेना. मी शिजवलेल्या कुळथाची पाटी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती चाटूनपुसून साफ केली, आणि मी पदरानं त्याचं तोंड पुसून टाकलं. शहाणपणाची मला तेव्हा फार घमेंड होती.

डॉक्टरांनी खडीसाखरेसारखं पांढरं, उग्र वासाचं औषध पातळ पेजेत विरघळवलं आणि बांबूच्या नळीनं थोडं थोडं पाजलं. थोड्या वेळानं बैलाच्या पापण्या जडावल्या, मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले आणि अंगणात पसरलेल्या पेंढ्यावर तो आडवा झाला. मग डॉक्टरांनी शिंगाभोवती सुई दिली. नंतर तिथेच टाचणी टोचून बघितली, तर बैलाचा कानही हलला नाही. करवत चालायला लागली. मी देवाचं नाव घेत बघत होते. खरोखर, त्याला काही कळत नव्हतं.

शिंग निम्मं कापून झालं असेल, तेवढ्यात त्याची डावी कूस फुगायला लागली. बघता बघता ढोलासारखी ताठ झाली. तोंडातून हिरवट पाणी आलं, श्वास तुटायला लागला. डॉक्टरांनी करवत थांबवली. "याला काय घातलं होतं?"

"कायबी न्हाई, सायेब," नवरा म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

अंगणात अर्धा गाव जमला होता. मी गप्प राहिले असते तर माझी अब्रू झाकली गेली असती आणि बैल औषधानं मेला असं सगळे म्हणाले असते. त्या एका क्षणात हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, याची मला आजही लाज वाटते.

"कुळीथ घातलेत," मी म्हटलं. "पाटीभर. म्याच घातलेत."

चौघांना हाताशी घेऊन डॉक्टरांनी बैलाला छातीवर बसतं केलं. तोंड खाली उतरतं ठेवायला सांगितलं आणि वेळ आलीच तर वारा सोडवायला पोट टोचायचं हत्यार उकळत्या पाण्यात टाकलं. बैल पुन्हा कलंडायला लागला. मी पाठ त्याच्या खांद्याला लावली, टाचा मातीत रुतवल्या आणि ते ओझं पेललं. माझ्या डोक्याच्या वर करवत पुन्हा सुरू झाली. जखम डागल्याचा वास आला, रक्त माझ्या मानेवरून उतरलं. जाऊबाई म्हणाली, "सर गं, मी धरतो." मी सरले नाही. खाल्लं ते माझ्या हातचं होतं.

माझ्या टाचा मातीतून निसटायला लागल्या होत्या, तेव्हा बैलानं माझ्या कानाशी एक लांबलचक, आंबूस ढेकर दिली. मला रडूच फुटलं. कूस हळूहळू उतरली. हत्यार पाण्यातच राहिलं.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी गत तुजी," नवरा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण मला ते लागलं.

दुपार कलताना बैल अडखळत उभा राहिला. डॉक्टरांनी जाताना बजावलं, "गळ्याची भूल उतरलेली नाही. अंधार पडेपर्यंत पाणीसुद्धा नाही." ते टेकडीआड गेले. सुईचाही असर ओसरला असावा, कारण बैल मान झटकून हंबरायला लागला. दुखत होतं, आणि भूकही लागली होती. मग तो माझ्याकडे आला आणि माझा तळहात चाटायला लागला.

"मूठभर गवात घाल की," नवरा हळूच म्हणाला. "कोण बगतंय?"

मी हात मागे घेतला नाही. बैल चाटत राहिला, आणि अंधार पडेपर्यंत मी त्याला काही दिलं नाही.