हिरवं कूलंट आणि बावखलाचं पाणी

आलोशियसदादांना मेकॅनिक म्हटलेलं खपत नसे. "मिस्त्री म्हणा," ते सांगायचे, "मेकॅनिक नुसते पार्ट बदलतात."

पापडीच्या त्यांच्या वाडीत नारळांखाली वडिलांनी घेतलेली जुनी फियाट उभी असायची. आळीतल्या तीन पिढ्यांच्या नवऱ्या तिच्यातून चर्चला गेल्या होत्या. आता नात टिफनीचं लग्न जानेवारीत ठरलं होतं. तिला स्वतः गाडी चालवत चर्चला न्यायचं, एवढी एकच इच्छा या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला उरली होती.

ईस्टरनंतर इंजिन तापायला लागलं. मुलगा स्टॅनी इंजिन थंड ठेवणाऱ्या लाल कूलंटचा कॅन घेऊन आला. "पाच वर्षं बघायला नको, डॅडी."

"तुझ्या गाडीला घाल. हिचा रेडिएटर तांब्यापितळेचा, सांधे शिशाने झाळलेले. हे नवं औषध ते सांधे खातं."

घरात सगळ्यांनी त्यांना हट्टी ठरवलं. जुन्या इंजिनांना चालणारं हिरवं कूलंट शोधत ते तीन आठवडे माझ्या, म्हणजे शेजाऱ्याच्या, स्कूटरवर मागे बसून दुकानं पालथी घालत होते. शेवटी फुलपाड्यात एका दुकानात मिळालं. म्हातारा शंभर टक्के बरोबर होता. हे मी ठासून सांगतो, कारण पुढे त्यांना सगळ्यांनी वेड्यात काढलं.

कूलंटमध्ये निम्मं पाणी मिसळायचं होतं. मी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन नेला, तर दादा हसले.

"सर, हे बॅटरीत घाला. माझ्या बापाने जन्मभर आपल्या बावखलातलं घातलं. गोडं पानी आहे आमचं."

बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पूर्वी सगळं घर त्याचं पाणी प्यायचं. आता घरी जार येतो, त्यामुळे त्या पाण्याची चव कोणी वर्षानुवर्षं घेतलेली नव्हती. मी पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. शिवाय मी राहतो ती इमारत दादांनी विकलेल्या अर्ध्या वाडीवरच उभी आहे. आमच्या दोन बोअरवेल बावखलापासून हाकेच्या अंतरावर. त्यांचं पाणी खारट झालं होतं, बादल्यांवर पांढरे थर बसत होते, आणि आम्ही त्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरीला शिव्या देत होतो. बावखलातही तेच पाणी असणार आणि खारं पाणी इंजिन आतून गंजवणार, हे कळत होतं, तरी मी मुकाट्याने नरसाळं धरलं. त्यांचं मन मोडवेना, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर वाद घालायचा कंटाळा आला होता.

दर रविवारी दादा इंजिन चालू करून ऐकत बसायचे. बाहेरून सगळं ठीक होतं.

लग्नाच्या दिवशी टिफनी पांढऱ्या गाऊनमध्ये मागे बसली. दादा काळ्या सुटात, ताठ. चर्चच्या अलीकडच्या वळणावर बॉनेटमधून वाफ उसळली आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. स्टॅनीने मुलीला आपल्या गाडीत घेतलं. "सांगितलं होतं, लाल घाला," एवढं सगळ्यांसमोर बोलून तो निघून गेला. टिफनीने मागे वळून पाहिलंही नाही. तिला चर्चमधल्या मिसाला उशीर होत होता.

मी म्हटलं, "दादा, मागे बसा, स्कूटरवरून जाऊ." ते नाही म्हणाले. चौघांनी गाडी ढकलत वाडीत आणली. दादांनी सूट न उतरवता रेडिएटरची तोटी उघडली. गंजाचा चिखल पडला. सांधे मात्र एकूण एक शाबूत होते. ते चिखल बोटांत चोळून बघू लागले. मग बावखलाकाठी गेले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले.

"सर, तुमच्या नळाला असंच येतं?"

"हो."

"कधीपासून?"

"सात-आठ वर्षं झाली."

त्यांनी ओला हात सुटाला पुसला.

"मग नरसाळं धरलंत तेव्हा बोलला का नाहीत?"