बाहेरून उघडणारी कडी

आमची बोरीवलीची इमारत पाडायला निघाली आहे. घराघरांतून चिकटपट्टी फाडल्याचे आवाज येतात, जिन्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कोंदट वास साठून राहिलाय, आणि मी बाथरूमच्या दारापुढे स्टुलावर बसून कडीचे स्क्रू काढते आहे. नवरा म्हणाला, "अगं, नव्या घरात सगळं नवं मिळणार आहे." मिळू दे. ही कडी मी बरोबर नेणार.

मी साड्यांवर पैसे उडवणारी बाई नाही. माझं मन रमतं हार्डवेअरच्या दुकानात. लांब दांड्याचा ब्रश, माणसाची चाहूल लागताच लागणारा दिवा, पाणी धरून न ठेवणारी रबरी चटई. रोजच्या चपलेतला एकेक खडा काढून टाकणाऱ्या असल्या वस्तू घरी आणल्या की मला जे समाधान मिळतं, ते देवदर्शनानेही मिळालेलं नाही. सासूबाई पलंगावर बसून माझी प्रत्येक पिशवी न्याहाळायच्या. "तुझ्या घरात माणसांपेक्षा वस्तू हुशार गो," म्हणायच्या.

त्या माहुलच्या कोळीवाड्यातल्या. सगळा जन्म मासळी विकण्यात गेला आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या. त्यांच्या तरुणपणी वस्तीतले संडास खाडीच्या कडेला, सगळ्यांचे मिळून, आणि कड्या खाऱ्या हवेने गंजून कधीच गळून पडलेल्या. बायका जोडीने जात. एक आत, एक बाहेर राखणीला. आतलीने बोलत राहायचं, गुणगुणायचं, अगदीच काही नाही तर खाकरायचं. याला त्या 'आवाज ठेवणं' म्हणत; आपण दिवा ठेवतो, तसा आवाज ठेवायचा. आवाज आहे तोवर आत माणूस आहे, दाराला हात लावायचा नाही. ही सवय घेऊनच त्या आमच्या टाइल्सच्या बाथरूममध्ये शिरल्या. दार नुसतं लोटून घ्यायच्या आणि अंघोळ होईस्तोवर आतून बोलत राहायच्या. देवाशी, मेलेल्या मैत्रिणींशी, उधारी बुडवून गेलेल्या गिऱ्हाइकाशी. मी पोळ्या लाटता लाटता ते ऐकत असे आणि ऐकते आहे हे मला कळतही नसे.

मग एका सकाळी माझा भाऊ मुक्कामाला होता. सासूबाई बहुधा श्वास घ्यायला थांबल्या आणि नेमक्या त्याच वेळी त्याने दार ढकललं. बिचारा चहा न घेताच निघून गेला. सासूबाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. संध्याकाळी मी ही कडी आणली. आतून बटण फिरवायचं, बाहेर लाल खूण दिसते, आणि खुणेखाली एक खाच. अडीअडचणीला खाचेत नाणं घालून फिरवलं की बाहेरून उघडते. म्हाताऱ्या माणसाच्या घरात अशीच कडी हवी, हे मी दुकानदाराला ठणकावून सांगितलं होतं. सासूबाईंना ती फार आवडली. "आता माझ्या जागी ही बोलेल," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून आत गप्प राहायला लागल्या. लाल खूण होती. आवाजाची गरज काय?

त्या दिवशी मी बोंबील साफ करत होते. कडी लाल होती, आत पाणी वाहत होतं, सगळं रोजच्यासारखं. मग पायाला कोमट ओल लागली. बाथरूमच्या उंबऱ्यावरून साबणाचं पाणी पॅसेजमध्ये येत होतं. "आई, बादली भरली," मी ओरडले. नळ तसाच वाहता. दार ठोठावलं. काही नाही. नवरा कामावर, मुलगी कॉलेजात. सुरीचं टोक खाचेत घातलं, तर ते सटकून माझ्याच अंगठ्यात घुसलं. खाच रुंद आणि उथळ, नाण्याच्याच मापाची. स्क्रूड्रायव्हर नवऱ्याच्या स्कूटरच्या डिकीत. आणि घरात नाणं नाही. पर्स उलटी केली, ड्रॉवर उपसले, मुलीची शाळेतली जुनी दप्तरं झटकली. भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंत सगळं मोबाइलवर देणारं आमचं घर. एक रुपया सापडेना. पाणी वाहत होतं आणि मी बोंबलाच्या हातांनी कपाटं उघडत धावत होते. दाराशी परत येऊन हाक मारली, "आई, बोल ना गं काहीतरी. आवाज ठेव ना." उत्तर नाही. "थांब, वॉचमनला बोलावते." तरीही नाही.

बाहेरच्या दाराकडे धावताना देव्हाऱ्याखालच्या खणाची आठवण झाली. तिथे लग्नाच्या अहेराची पाकिटं होती, कोपऱ्यावर रुपया चिकटवलेली. पाकीट फाडून नाणं ओरबाडलं. डिंक सुटला नाही, कागदासकट ते खाचेत घातलं आणि फिरवलं.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक पाय भलत्याच कोनात, ओलं लुगडं कसंबसं छातीशी ओढून धरलेलं, चेहरा राखेसारखा. डोळे मात्र टक्क उघडे, माझ्यावर रोखलेले. "बोलायचं नाही का?" मी जवळजवळ किंचाळलेच. दात आवळून म्हणाल्या, "बोलले असते तर गडी माणसं गोळा केली असतीस. अंगावर धड लुगडं नाय. आधी मला झाक." मी झाकलं, मगच फोन केला. फोन ठेवते तोच म्हणाल्या, "बाहेरून मला तू म्हणालीस. ऐकलं मी."

"चुकून गेलं तोंडातून."

"आता तेच ठेव."

खुब्यात सळई घालून त्या घरी आल्या, तेव्हा कडी लावायला साफ नकार दिला. दार लोटलेलं आणि मी बाहेर राखणीला. आवाज मात्र दोघींनी ठेवायचा. मला गप्पा मारायची सवय नाही. सांगण्यासारखं पहिल्या दोन सकाळींतच संपलं. मग मी सोसायटीच्या ग्रुपवरची भांडणं वाचून दाखवू लागले, बाजारातले भाव सांगू लागले. "पापलेटला एवढे दिलेस?" आतून यायचं. "डोळे बघितलेस का त्याचे? फसवलं तुला. वस्तू हुशार आणल्यास, मासा मात्र खुळ्यासारखा आणतेस." मी ओट्याकडे बघत घाई करायची, त्या मुद्दाम सावकाश अंघोळ करायच्या. त्या जाईपर्यंत हे असंच चाललं. मी शेवटपर्यंत त्यांना तू म्हणत होते.

कडीने तिचं काम चोख केलं, यात मला शंका नाही. आजही कुणी विचारलं तर हीच घ्या म्हणून सांगेन. पण ती फक्त दार बंद आहे एवढंच सांगते. आतल्या माणसाचं कसं चाललंय, हे सांगणारी वस्तू मला अजून कुठल्या दुकानात दिसलेली नाही.

शेवटचा स्क्रू निघाला. त्या दिवसापासून चौकटीवर ठेवलेला तो रुपयाही काढून घेतला. मागे पाकिटाचा गुलाबी कागद अजून चिकटलेला आहे. दारात एक गोल भोक उरलंय. नवरा म्हणतो, घर सोडेपर्यंत अंघोळी कशा करायच्या? मी म्हटलं, आत जाशील तेव्हा आवाज ठेव. आणि बाहेर असशील तेव्हा आधी कान दे, मग हात.