टँकरच्या अ‍ॅपसाठी घेतलेलं मतदान

आम्ही चळवळीतली माणसं. दोन पर्याय दिसले की आधी पत्रक काढतो, मग हात वर करायला लावतो. पाथर्डीकडच्या एका गावात पाण्याचा टँकर खरंच येतो का, याची नोंद ठेवणारं अ‍ॅप करतानाही मी तेच केलं.

भिंगारच्या खोलीत अ‍ॅप लिहिणारा मित्र समजावत होता. अ‍ॅपच्या कुठल्याही भागानं लागणाऱ्या गोष्टी स्वतः शोधायच्या नाहीत, त्या बाहेरून पुरवायच्या. गावात फोनचं खरं लोकेशन, चाचणीत खोटं. हा पुरवठा सांभाळणारी दोन टूल्स होती. एक सुटसुटीत, चार ओळींत सुरू होणारं. दुसरं कडक, एक जोडणी राहिली तरी अ‍ॅप तयारच होऊ न देणारं. मित्राला कडक हवं होतं. माझं डोकं फिरलं. तहसीलची अडवणूक सोसत नाही, ती लॅपटॉपवर सोसायची? ‘जाचक टूल हटवा’ असं पत्रकच काढलं. गटातल्या सातपैकी सहा हात माझ्या बाजूनं. त्यातल्या एकालाही कोड वाचता येत नव्हता.

“अगं, ही काय सोसायटीची निवडणूक आहे?” मित्र म्हणाला आणि सुटसुटीत टूल घेऊन कामाला लागला.

रविवारी अ‍ॅप घेऊन गावात गेलो. टँकरची वही ठेवणाऱ्या मावशींची ती वही तालुक्याचे साहेब मानत नव्हते. वहीत कोणीही काहीही लिहील म्हणे. सोमवारी ते गावात येणार, मावशी त्यांच्यासमोर फोनवर नोंद करणार. अ‍ॅप झोकात उघडलं, मी टाळ्या पिटल्या. मावशींनी ‘टँकर आला नाही’वर बोट ठेवलं आणि अ‍ॅप गायब. लोकेशन पुरवायची एक ओळ राहिलेली. मावशींनी बोट ठेवेपर्यंत माझ्या लाडक्या टूलनं चकार शब्द काढला नव्हता.

तरी मी सुटसुटीतपणावर भाषण सुरू केलं. मावशी पालथ्या हंड्यावर बसून ऐकत होत्या.

“येनार न्हाई तर सकाळीच सांगावं की,” त्या म्हणाल्या. “दुपारपत्तुर हंडे घिऊन उभं कशाला करायचं?”

ही तर आमचीच मागणी, माझ्याच पत्रकांतली! आणि कडक टूल नेमकं तेच करणार होतं, काय राहिलंय ते आधीच सांगणार होतं. मला हसू आवरेना, मित्र हसून ओट्यावर आडवा झाला. तिथंच फेरमतदान घेतलं. मावशींनी दोन्ही हात वर केले. कडक टूलनं संध्याकाळपर्यंत तीनदा अडवलं, दर वेळी काय राहिलंय ते नाव घेऊन सांगितलं, आणि मी दर वेळी त्याचा जयजयकार केला.

सोमवारी साहेबांसमोर मावशींनी बोट ठेवलं. नोंद झाली, गावाच्या ठिकाणासकट. त्यांनी फोन साहेबांपुढं धरला.

“ह्ये तरी वाचा,” म्हणाल्या.