पुष्पावतीकाकूंच्या कुरडया आणि कुत्र्यांचे केस

पुष्पावतीकाकूंचा राग समजून घ्यायचा असेल तर आधी त्यांची फरशी बघायला हवी. राळेगणसिद्धीहून पारनेरला जाताना आमची वाडी लागते. वाडीत शिरल्यावर डाव्या हाताचं पहिलं स्लॅबचं घर काकूंचं. तिथली फरशी दिवसातून तीनदा पुसली जाते. काकूंनी चाळीस वर्षं संसार केला तो असा, की माशीनंसुद्धा पाय पुसून आत यावं. अशा बाईच्या घरात पोटच्या मुलानं दोन केसाळ कुत्री आणून सोडावीत, हा सरळसरळ अन्याय आहे.

मुलगा करण पुण्याला असतो. त्याच्या सोसायटीत कुत्र्यांवरून भांडणं झाली, तेव्हा तो आणि सून मोनिका ब्रूनोला आणि कोकोला गाडीत घालून घेऊन आले. आठ दिवसांची गोष्ट आहे म्हणाले. त्या आठ दिवसांना आता दहा महिने झाले. कोको लॅब्राडोर, पिवळी, खादाड आणि प्रेमळ. ब्रूनो पांढरा हस्की. बर्फात गाड्या ओढणाऱ्यांच्या कुळातला हा प्राणी पारनेर तालुक्यातल्या उन्हात आणून ठेवायला माणसाचं शिक्षण फार व्हावं लागतं.

दोघंही केस गाळत. थोडेथोडके नाहीत. सकाळी केर काढावा तर शिंदीच्या केरसुणीलाच दाढी फुटे. ओल्या गोणपाटानं पुसावं तर केस गोळा होऊन दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसत. गोधडीवर रबरी चप्पल घासली की केस निघतात, हा शोध काकूंनी स्वतः लावला आणि तेव्हापासून त्या रोज सकाळी अंथरुणाला चपलेनं बडवत. करणनं केस ओढून घेणारं यंत्र पाठवलं. दिवसा लाईट असली तर ते चाले, आणि चाललं की ब्रूनो त्याच्यावर तुटून पडे. मोनिका फोनवरून सांगे की रोज वीस मिनिटं ब्रश केला की केस गळणं कमी होतं. काकू म्हणत, मला उभ्या आयुष्यात कुणी वीस मिनिटं वेणी घातली नाही.

काका, म्हणजे अजिनाथराव, चहातला केस बोटानं काढून चहा पीत. वर कुत्री घरात घेत तेच. काकूंनी बाहेर हाकललं की काका मागच्या दारानं आत आणत आणि आपण त्या गावचेच नाही असं तोंड करून बसत.

इथवर हा घरातला छळ होता. उन्हाळा लागला आणि गोष्ट अब्रूवर आली.

आमच्याकडं उन्हाळी कामाचा वारंगुळा असतो. आज सगळ्या बाया माझ्या घरी, उद्या तुझ्या घरी, असं करत गल्लीतल्या सगळ्यांच्या कुरडया पार पडतात. पुष्पावतीकाकू या कामातल्या मुकादम. चीक कधी उतरवायचा हे त्या नुसत्या वासावरून सांगत, आणि त्यांच्या कुरडईइतकी पांढरी कुरडई वाडीत कुणाची होत नसे. यंदा पहिली पाळी समोरच्या मालनबाईंची झाली. मालनबाई काकूंच्या चुलत जाऊ. दोन दिवसांनी मालनबाईंच्या सुनेनं, आरतीनं, पाहुण्यांसमोर कुरडई तळली. कुरडई मस्त फुलली. तिच्यातून इंचभर पांढरा केस बाहेर आला, तो काही फुलला नाही.

मालनबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर काकूंनी दोन ऐकवल्या असत्या आणि मिटलं असतं.

काकूंची पाळी गुरुवारी होती. त्यांनी सोमवारी दहा किलो गहू भिजत घातले होते. रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी वाटून चीक काढायचा, चौथ्या दिवशी पहाटे शिजवायचा. हा गहू थांबत नाही. आणि बुधवारी सकाळपासून निरोप यायला लागले. दगडाबाईंचा गुडघा धरला. रतनबाईंना पारनेरला बँकेत जायचं निघालं. शेवटी मालनबाई दारात आल्या, उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या.

"आक्का, चीक आमच्या गच्चीवर आना. तिथं समद्या येतील."

"आनि माझ्या गच्चीला काय झालं?"

"तुमच्या गच्चीला काय न्हाई वो. पर घरातनंच वर जावं लागतंय ना."

काकूंचा संताप मला शंभर टक्के पटतो. मालनबाईंच्या चुलीशेजारी मांजर वितं. दगडाबाईंची शेळी परातीतून पीठ खाते. रतनबाईंच्या माळवदावर कोंबड्या नांदतात. आणि या बायांनी एका केसापायी पुष्पावतीकाकूंचा उंबरा बाटका ठरवावा? काकूंनी कुत्र्यांना कधी गच्चीचा जिना चढू दिला नव्हता. पण हे ऐकायला दारात कुणी थांबलंच नाही. दहा किलोचा चीक एकटीनं हलवणं आणि सोऱ्यातून पाडणं कुणाच्या बापाला जमत नाही. दुसऱ्याच्या गच्चीवर न्यायचा, तर घर घाण असल्याचं स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं.

काकू रागारागानं कांद्याच्या मोकळ्या वावरात गेल्या. तिथं खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या, आणि भिमाजी मेंढपाळ एका मेंढीची लोकर कातरत होता. काकू पाच मिनिटं बघत उभ्या राहिल्या. मग त्याला कातरीसकट घरी घेऊन आल्या.

भिमाजीनं ब्रूनोकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशे, ही जात आमच्यातली न्हाई."

"लोकर हाय ना? मग काप."

त्यानं ब्रूनोचे पाय बांधले. हा काहीतरी नवा खेळ आहे असं समजून कोको भिमाजीचं तोंड चाटत राहिली. तिचाही नंबर लागला. कातर मेंढीची, हात मेंढपाळाचा. त्यामुळं राळेगणच्या टेकडीवर समतल चर दिसतात तशा दोघांच्या पाठीवर आडव्या रेघा उठल्या. सवयीनं भिमाजीनं ब्रूनोच्या पुठ्ठ्यावर आपल्या कळपाची हिरवी खूणही मारली.

काकांनी मोबाईलवर करणला कुत्री दाखवली तेव्हा तो ओरडला, की या जातीला दुहेरी केस असतात, कापले तर त्याला ऊन लागतं, आई तू विचारायचं तरी. काकू म्हणाल्या की तुलाही आणून सोडताना विचारायचं सुचलं नव्हतं, आणि फोन ठेवला. पण बोलणं त्यांना लागलं. त्यांनी ब्रूनोला मोरीच्या गार फरशीवर बसवलं आणि त्याच्या अंगावर स्वतःचं जुनं सुती लुगडं ओलं करून पांघरलं. केस काही थांबले नाहीत. आता आखूड झाले आणि सुईसारखे टोचायला लागले.

भिमाजीनं ही हकीकत चहाच्या टपरीवर सांगितली. गुरुवारी उजाडायच्या आत दगडाबाई बरा झालेला गुडघा घेऊन दारात हजर. मागोमाग रतनबाई, मागोमाग आरती. कुत्र्यांची मेंढरं झालेली बघायला सगळ्या थेट मोरीपर्यंत गेल्या. लुगडं पांघरलेला ब्रूनो बघून मालनबाईंना असं हसू फुटलं की त्यांनी भिंत धरली आणि घसरत काकूंच्या फरशीवर बसल्या.

काकूंनी हसू दिलं. मग पातेल्यातला लाकडी चाटू आणून मालनबाईंच्या हातात दिला.

"बसलीच हायेस तर चल, चीक हलव."

मालनबाईंनी चाटूकडं बघितलं, आपण कुठं बसलोय ते बघितलं, आणि मुकाट्यानं उठून चुलीकडं गेल्या. दहा वाजेपर्यंत काकूंच्या गच्चीवर अडीचशे कुरडया पडल्या होत्या. मालनबाई प्रत्येकीवर वाकून उन्हात निरखत होत्या. एकीतही केस निघाला नाही.

बाया गेल्यावर काकूंनी गच्ची झाडली आणि त्यांचं डोकं पुन्हा भडकलं. सुपलीत सुपारीची खांडं होती, एक तुटकी बांगडी होती, आणि हातहात लांबीचे केस होते. काळे, पांढरे, मेंदी लावलेले. कुत्र्याचा एक नव्हता.

"अवो, बायाच लई गळत्यात," त्या काकांना म्हणाल्या, आणि भरली सुपली तशीच हातात धरून रस्ता ओलांडून मालनबाईंच्या दाराकडं निघाल्या.