भटूअण्णांची नडगी आणि सुजेच्या गोळ्या

हाडांच्या वॉर्डात किस्से साचतातच. पेशंटचा पाय टांगलेला, तोंड मोकळं! मी तिथली फिजिओथेरपिस्ट, म्हणजे रोज शिव्या खाणारी.

सुरतेजवळ कडोदऱ्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करताना भटूअण्णांच्या पायावर सूत गुंडाळलेला जड बीम पडला. नडगी मोडली. गावाहून, धुळ्याकडून टेम्पो भरून माणसं भेटायला आली आणि फळांऐवजी प्रत्येकाने सूज उतरवायच्या गोळ्या आणल्या. कुणाचं मन मोडायला नको म्हणून अण्णांनी आळीपाळीने सगळ्यांच्या खाल्ल्या.

महिने गेले, हाड जुळेना. लूमच्या मालकाचा, शेठचा निरोप आला, उभं राहता आलं तरच लूम मिळेल. त्या दिवशी मात्र अण्णांनी जेवणाचा डबा तसाच परत पाठवला.

*

गोळ्यांचं कळल्यावर आमचे सर्जन देसाईसाहेब भडकले. हाड मोडलं की शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी धावून येतात, म्हणून सूज येते. त्या कचरा साफ करतात, स्टेम सेल्सना हाक मारतात. मग स्टेम सेल्स त्यांनाच शांत करून नवं हाड बांधायला घेतात. पहिली सूजच दाबली, तर ती हाक कमी पडू शकते.

अण्णांनी मान डोलावली. "म्हणजे आमच्या भाऊबंदांसारखंच. पहिले भांडण, मंग बांधकाम."

*

मग ठरलं, कमरेच्या हाडातली मज्जा काढून मोडल्या जागी घालायची. तिच्यात स्टेम सेल्स असतात. अण्णा घाबरले, कंबर रिकामी झाली तर?

त्यांच्या बायकोने, सुनंदाताईंनी, पदर खोचला. "काढा डॉक्टर. घरात ती कंबर कधी वाकलीच नाही, नवीकोरी असेल."

*

ऑपरेशनच्या दिवशी अण्णांच्या चुलतभावाने मला कोपऱ्यात गाठलं. टकलापायी त्याचं लग्न अडलं होतं. पेशी उरल्या तर डोक्यावर लावता येतील का, असं विचारत होता. मी नाही म्हटलं.

"थोड्या जुन्या असल्या तरी चालतील," तो म्हणाला.

*

या खेपेला सुनंदाताई दारातच बसल्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीची झडती! सख्ख्या नणंदेच्या पिशवीत गोळ्या सापडल्या. नणंद रुसून गेली ती चहासुद्धा न घेता. सुनंदाताईंनी तिचा चहा मला दिला.

*

शेवटी एक्स-रेचा दिवस आला. देसाईसाहेब फिल्म उजेडात धरून बघतच राहिले. अण्णांनी माझं मनगट आवळलं होतं.

"जुळलं," साहेब म्हणाले. "उभे राहा."

अण्णा काठी सोडून उभे राहिले. चार पावलं चालले. इतके महिने डोळ्यांत टिपूस न आणलेल्या सुनंदाताई भर ओपीडीत हमसून रडायला लागल्या. मलाही राहवेना. अण्णांनी बायकोकडे पाहिलं, मग आपल्या दुसऱ्या, धडधाकट पायाकडे पाहिलं.

"रडू नको वं. आजून एक पाय बाकी शे मोडाले."