हिरवा वाफा

संशोधन म्हणजे सत्याची निर्भय साधना, असं आमच्या कृषी विद्यापीठाच्या लातूर केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. त्या अक्षरांखाली स्टूल टाकून प्रयोगाच्या शेताचे राखणदार बसत. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. औशाहून पहिल्या एसटीनं यायचे आणि चपला काढून माझ्या ज्वारीच्या वाफ्यात शिरायचे. पाण्यावाचून कोणती ज्वारी तगते, हा माझा पीएच.डी.चा विषय होता.

"पाणी न देता पीक कसं वाळतंय, हे शिकायला इथवर आलाव व्हय? आमच्या गावात फुकट शिकवतेत की!" असं म्हणायचे, पण हात धुतलेलं पाणीसुद्धा वाफ्याकडे वळू देत नसत.

जिल्हा नवा होता, दुष्काळ जुना. पाहणीला बडे पाहुणे येणार म्हणून पंधरा दिवस आधी वरून हुकूम आला: प्रयोगाची पाटी लावलेला वाफा हिरवा दिसला पाहिजे, टँकर ओता. माझी दोन वर्षं मातीत जाणार होती. मी विनंती अर्ज लिहायला बसलो.

मामांनी आधी निम्मा टँकर वसतिगृहाच्या हौदात रिकामा करून घेतला. मग माझ्या वाफ्यावरची पाटी उपटून शेजारच्या पडीक तुकड्यात रोवली आणि टँकरवाल्याला म्हणाले, "हितं सोडा, मालक. हुकूम पाटीचा हाय."

माझ्या वाफ्यात अकरा ताटं तगली. पुढे सुगीत त्यांचं बी मामांनी स्वतःच्या रुमालात बांधून माझ्या हातात दिलं.

पाहणीच्या दिवशी पाहुणे पाटीसमोर बराच वेळ थांबले. एवढ्या दुष्काळात इतकं हिरवं पीक पाहून त्यांना गहिवरून आलं. ते गाजरगवत होतं.