पेशंटच्या कोण तुम्ही?

कस्तुरा चोपड्याच्या वरच्या अंगाची, सातपुड्याच्या पायथ्याची. नवरा गेल्यावर मुलगा रोहिदास आणि सून सोनल यांच्या घरात आपण जास्तीच्या झालो, हे तिला कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण कळायचं ते कळलं होतं. जळगावला एका म्हाताऱ्या बाईच्या सोबतीला राहायचं काम आहे असं कानावर आलं, तशी ती एका पिशवीनिशी निघाली.

म्हातारी म्हणजे सायरबाई. कांतीलालशेठ वारलेले, कापडाचं दुकान बंद झालेलं, मुलगा संयम बंगळुरूला, नात हर्षिता कॅनडात. तीन मजल्यांच्या घरात त्या एकट्या. सुरुवातीला दोघींत कामापुरतं बोलणं. मग एकदा भर वैशाखात लाइट गेली. वाऱ्याला म्हणून दोघी जिन्यात येऊन बसल्या, आणि सायरबाईंनी मारवाडातल्या माहेरच्या गोड्या विहिरीची गोष्ट काढली. कस्तुराने आपल्या पाड्यावरची, होळीला रात्रभर घुमणाऱ्या ढोलाची सांगितली. त्या दिवशी सुरू झालेलं बोलणं मग थांबलंच नाही.

संयम लोकांना सांगताना ‘मम्मीची मेड’ म्हणायचा. हर्षिताला ते खटकायचं. एकदा व्हिडिओ कॉलवर तिने बापाला बजावलं, मेड नाही पप्पा, कस्तुराताई दादीच्या कंपॅनियन आहेत. कस्तुराने अर्थ विचारला. सोबतीण, असं हर्षिता म्हणाली. अर्थ आवडला, पण शब्द काही जिभेवर बसेना. तेव्हा हर्षिताने दुसरा दिला, केअरटेकर. तो सायरबाईंनी कस्तुराकडून घोटून घेतला.

“केरटेकर नाही गं,” त्या हसत म्हणाल्या, “लोकांना वाटेल, केर काढायला ठेवलीये.”

कस्तुराही पदर तोंडाला लावून हसली. पुढे दवाखान्यात, बँकेत कुणी विचारलं की ती मान ताठ करून तो शब्द सांगायची. सायरबाई स्वतः मात्र तिला नुसतं कस्तुरा म्हणत, आणि ती त्यांना अक्का.

अशी सात वर्षं गेली. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी अक्कांना धाप लागली. कस्तुराने रिक्षा आणली, त्यांना छातीशी धरून दवाखाना गाठला. स्ट्रेचर आत गेलं. ती मागोमाग निघाली, तर आयसीयूच्या दारात गार्ड आडवा झाला.

“पेशंटच्या कोण तुम्ही?”

कस्तुराने पदर सारखा केला आणि स्पष्ट सांगितलं, “केअरटेकर.”

“मग बाहेर बसा मावशी. आत रिलेटिव्हलाच सोडतात.”

तो उर्मटपणे बोलला नव्हता. कस्तुराने विनवून पाहिलं, अक्कांना माणूस लागतं, हात धरल्याशिवाय त्यांना झोप येत नाही, असंही सांगितलं. त्याने मान हलवली, पण दार सोडलं नाही. तिने संयमला फोन लावला. मिळेल त्या विमानाने निघतो, असं तो म्हणाला.

बाकावर शेजारी भागाबाई म्हणून एक धुळ्याकडची बाई बसली होती. ती आत्ताच आत एका बाईला बघून आली होती.

“बहीन शे असं सांगी देवानं व्हतं ना बाई,” ती हळूच म्हणाली. “कोन देखस? मनीबी ती कोनीच नही. शेजारीन शे.”

एवढ्या हौसेने शिकलेला शब्द आपणच दाराला कडीसारखा लावला, असं कस्तुराला वाटलं. उन्हं कलली. दार उघडून नर्सने सायरबाईंचे नातेवाईक कोण, असं विचारलं. कस्तुरा उठली.

“मी. बहीण.”

गार्डने तिच्याकडे पाहिलं आणि तो बाजूला झाला. नर्सने तिला दंडाला धरून थोडं पलीकडे नेलं आणि सगळं संपल्याचं सांगितलं.

संयम आला तेव्हा खूप रडला. मग त्याने विचारलं, “शेवटी तुम्ही जवळ होतात ना?”

“होते,” कस्तुरा म्हणाली.

“बरं झालं,” तो म्हणाला. त्याच्या जिवाला तेवढाच आधार. तिला मात्र ते ‘होते’ पुढे कितीतरी दिवस गिळता आलं नाही.

उठावण्याच्या शोकसभेला बायका संयमच्या बायकोला जवळ घेत होत्या. कस्तुरा पाण्याचे पेले फिरवत राहिली. घराला कुलूप लागलं. ती गावी गेली, तर सोनलने विचारलं, तुमची शेठाणी गेली म्हणे. कस्तुरा हो म्हणाली. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही.

संयम माणूस चांगला. त्याने ओळखीतून धुळ्याला, देवपुरात, दुसरं काम पाहून दिलं. सुनंदाबाई, रिटायर्ड शिक्षिका. पगार ठीक, बोलणं मऊ. पण कानात वायरी घालून त्या दिवसभर मोबाइलवर काहीबाही ऐकत बसतात. रात्रीचं जेवण नऊला.

सायरबाई जैन, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. त्यांच्यासोबत बसून कस्तुरालाही तीच सवय लागलेली. ऊन पांझरा नदीकडे उतरायला लागलं की ती ताट घेऊन मागच्या पायरीवर बसते. सुनंदाबाईंनी एकदा विचारलं, उपास वगैरे आहे का. ती नाही म्हणाली. सुनंदाबाईंनी वायर पुन्हा कानात घातली. कस्तुराने भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, अजून उजेड होता तोवर ताट विसळलं, आणि रात्रीच्या स्वयंपाकाला वेळ होता म्हणून तिथेच बसून राहिली.